समोरच्या खुर्चीतली नजर

दर एप्रिलला सूक्ष्मदर्शकांची साफसफाई करायला डब्लिनहून टोनी नावाचा माणूस यायचा, आणि दर वेळी डॉ. स्नेहलता निकम त्याला एकच गोष्ट बजावायची. माझ्या खोलीतल्या यंत्राची ही बाजू पूस, तेल घाल, काय हवं ते कर. त्या बाजूला हात लावायचा नाही. टोनी मान डोलवायचा. त्या बाजूला कोण बसतं, हे त्याने एकदाच विचारलं होतं. "माझा नवरा," असं उत्तर मिळाल्यावर त्याने पुन्हा विचारलं नाही. नवरा वारून तेव्हा वर्ष झालं होतं आणि टोनी स्वतः त्याच्या अंत्यविधीला येऊन गेला होता.

यंत्र दुतोंडी होतं. मधे काच, इकडून एकाने डोळे लावायचे, समोरून दुसऱ्याने; दोघांना एकच चित्र दिसायचं. रविंद्र आणि स्नेहलताचा निम्मा संसार या यंत्रावरच झाला, असं म्हटलं तर वावगं होणार नाही. पुण्याच्या सरकारी रुग्णालयात दोघं एकाच वर्षी पॅथॉलॉजी शिकले, तिथेच जुळलं, २००३ साली दोघं आयर्लंडला आले. मिडलंड्समधल्या या इस्पितळात शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या, तरी रविंद्र दिवसातून चारदा उठून तिच्याकडे यायचा आणि समोरच्या खुर्चीत बसायचा. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा पातळ कापून, रंगवून, काचेवर चिकटवून यांच्यापुढे यायचा. तो साधा की वाईट, एवढं यांनी सांगायचं. ज्याचा तुकडा, तो माणूस यांना कधी दिसायचा नाही.

अवघड काच आली की दोघांचा एक नियम होता, रविंद्रने पुण्यातच घालून दिलेला. आधी लिहायचं, मग बोलायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटलेलं पान फाडून त्याचे दोन तुकडे करायचे, आपापलं निदान लिहून घडी घालायची आणि मगच चिठ्ठ्यांची अदलाबदल. "तू आधी बोललीस की मला तुझंच खरं वाटायला लागतं," तो म्हणायचा. चिठ्ठ्या जुळल्या तर चहा. नाही जुळल्या तर भांडण, आणि मग चहा.

२०१५ च्या मार्चमध्ये, सेंट पॅट्रिकच्या सुटीच्या दुसऱ्या दिवशी, तो मलिंगारबाहेरच्या तळ्यावर फिरायला गेला आणि गाडीपर्यंत परत आला नाही. हृदय, दुसरं काय. तेव्हापासून समोरची खुर्ची रिकामी होती, पण तिथल्या नेत्रिका, डोळे लावायच्या त्या नळ्या, त्याच्याच मापावर राहिल्या होत्या. रविंद्रचा चेहरा रुंद, म्हणून दोन नेत्रिकांमधलं अंतर सदुसष्टवर. डाव्या डोळ्याला जरा कमी दिसायचं, म्हणून तिथली कडी अधिक दोनवर. स्नेहलताचे आकडे वेगळे. संध्याकाळी घरी निघताना ती कोट घालायची, टेबलाला वळसा घालायची आणि उभ्याउभ्याच वाकून त्याच्या नेत्रिकांना डोळे लावायची. तिला काही म्हणजे काही धड दिसत नसे. दोन गुलाबी वर्तुळं एकमेकांवर चढलेली, सगळं धूसर. पण या धुसराकडे बघून एका माणसाला लख्ख दिसत होतं, एवढ्या विचारानेच तिला बरं वाटायचं. मग दिवा बंद करून ती निघायची. वेडेपणा आहे, हे तिला कळत होतं. कुणाचं नुकसान होत नाही, हेही कळत होतं.

निदान ऑगस्ट २०१७ पर्यंत तरी होत नव्हतं.

त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात त्वचारोगाच्या डॉक्टर ओर्ला किनाहनकडून एक तुकडा आला. सोबतच्या कागदावर नाव पाहून स्नेहलता सरसावून बसली. पूर्णिमा सोनटक्के, वय बेचाळीस, राहणार ॲथलोन. उजव्या खांद्यावर, मानेच्या बुडाशी काळा डाग, दोन महिन्यांत झपाट्याने वाढलेला. आधीचे उपचार: काही नाहीत.

तिने काच यंत्राखाली सरकवली आणि पाच मिनिटांत तिचा चहा निवला.

कातडीच्या वरच्या थरात काळ्या रंगाच्या पेशी अस्ताव्यस्त पसरलेल्या होत्या. साध्या तिळात या पेशी पुंजके करून आपापल्या जागी गुमान राहतात. इथे त्या थरात वरपर्यंत चढलेल्या, लहानमोठ्या, कुणाचा कुणाला मेळ नाही. मेलानोमा, म्हणजे तिळाचा कर्करोग, असाच दिसतो. पण त्याच्या बरोबर खाली पांढुरका, घट्ट विणीचा पट्टा होता, जखम भरल्यावर राहतो तसा. आता हा पट्टा कुठून आला? शरीर स्वतःच कर्करोगाशी झुंजतं तेव्हाही असा पट्टा उरतो. तसं असेल तर वाईटच. दुसरं म्हणजे, कुणी तो तीळ आधी अर्धवट कापला किंवा जाळला असेल आणि मुळं खाली राहिली असतील, तर तीळ त्या व्रणातून वाट काढत पुन्हा उगवतो आणि उगवताना हुबेहूब कर्करोगाचं सोंग घेतो. मोठमोठे फसतात. फरक ठरतो तो एका प्रश्नावर, आधी काही केलं होतं का? आणि कागदावर तर लिहिलेलं होतं, काही नाही.

"रवी, बघ रे जरा," ती मान वर न करता म्हणाली. असं ती अजून म्हणायची.

दुसऱ्या दिवशी ओर्ला स्वतःच खाली आली. उंच, तांबूस केसांची, पायऱ्या दोन-दोन चढणारी बाई.

"स्नेहा, ग्रँड आहे म्हण, सगळं ठीक."

"ग्रँड नाही. वाईट आहे असंही म्हणवत नाही. थोडा वेळ दे."

"वेळच तर नाही." ओर्ला समोरच्या खुर्चीत बसायला गेली, तिला काहीतरी आठवलं आणि ती खिडकीला टेकून उभी राहिली. "पाच वर्षं ती मुलासाठी उपचार घेतेय, डब्लिनच्या एका क्लिनिकमध्ये. दोन भ्रूणं गोठवून ठेवलेली आहेत, शेवटची दोन. एकवीस सप्टेंबरला पहिलं गर्भाशयात सोडायचं ठरलंय. हा डाग मेलानोमा निघाला तर किमान दोन वर्षं गरोदर राहायचं नाही, असं मला सांगावं लागेल. फेब्रुवारीत ती त्रेचाळीस पूर्ण करते, आणि त्या क्लिनिकचा नियम आहे की चव्वेचाळीसनंतर कुणाला घेत नाहीत. गणित तूच कर."

"आणि मी साधं म्हटलं आणि ते वाईट निघालं तर?"

"तर मूल असेल आणि आई नसेल," ओर्ला म्हणाली.

स्नेहलताला हे ऐकायचंच नव्हतं. रविंद्र म्हणायचा, काच बघताना माणूस आठवायचा नाही. वय, जागा, किती दिवसांचं, एवढं पुरे. माणूस आठवला की डोळा आपल्याला हवं ते बघायला लागतो. तिला आणि रविंद्रला मूल नव्हतं. नको म्हणून नाही, आधी परीक्षा, मग परदेश, मग पुढच्या वर्षी, असं करता करता राहूनच गेलं. बेचाळीस वय तिलाही आठवत होतं. ओर्ला गेल्यावर तिने पुन्हा काच लावली, आणि तिच्या लक्षात आलं की आपला हात गुपचूप काच सरकवत तिथेच नेतोय, जिथे पेशी त्यातल्या त्यात शहाण्यासारख्या दिसतात.

तिने ओर्लाला फोन केला. "पुन्हा विचार तिला. आधी काही केलं होतं का."

"दोनदा विचारलंय. नाही म्हणते. तूच ये ना, गुरुवारी टाके बघायला ती येतेय. तुझ्या भाषेत विचार. तिची हरकत नाही, तिला विचारून घेतलंय मी."

चौदा वर्षांत स्नेहलता रोग्यासमोर बसली नव्हती. गुरुवारी तिने घरून निघताना दोनदा साडी काढली आणि दोनदा पुन्हा कपाटात ठेवली. शेवटी नेहमीची पँट घालूनच आली.

पूर्णिमा सोनटक्के बारीक चणीची, घाईघाईने हसणारी बाई होती. नवरा अभिजित तिथल्याच एका टेलिकॉम कंपनीत, त्याची मीटिंग होती. ही घरी बिनअंड्याचे केक करून विकायची. सोबत तिची आई, विमलबाई. बार्शीकडच्या. नऊवारीवर मुलीचा जाड कोट चढवलेला, पायात लोकरी मोजे. मुलीच्या उपचारांच्या वेळी सोबत असावं म्हणून जूनमध्ये आलेल्या, व्हिसा तीन महिन्यांचाच, म्हणून सप्टेंबरच्या सुरुवातीला परत जाणार. स्नेहलताने "नमस्कार मावशी" म्हणताच म्हातारीचा चेहरा उजळला.

"तुमी आपल्याकडच्या व्हय? बया, लई बरं झालं. अडीच म्हैनं झालं, कुणाशी बोलाया न्हाई. जावई तिन्हीसांजंला येतोय, ही केक करत बसती. त्यो शेजारचा म्हातारा तेवढा हात हलिवतोय."

"आई, थांब ना जरा," पूर्णिमा म्हणाली.

स्नेहलताने विचारायचं ते विचारलं. हा तीळ कधीपासूनचा? लहानपणापासूनचा. पूर्वी कुठे दाखवला होता? नाही. कापला, जाळला, कुणी काही लावलं?

"नाही मॅडम. काहीच नाही. मी डॉक्टरांना सगळं सांगितलंय." ती स्नेहलताकडे न बघता हातातल्या पर्सच्या चेनशी खेळत होती. "आपोआपच वाढला तो."

यापुढे काय विचारावं, हे स्नेहलताला सुचेना. काचेला असले प्रश्न विचारावे लागत नाहीत. ओर्ला पुढचा कागद काढत होती. विमलबाईंना त्या शांततेत अवघडल्यासारखं झालं असावं. त्यांनी सवयीने कमरेची चंची सोडली, तंबाखूची चिमूट तळहातावर घेतली आणि पितळेची छोटी डबी उघडून नखाने चुना काढला.

"आई! इथे नाही!" पूर्णिमा एवढ्या जोरात ओरडली की ओर्लाच्या हातातलं पेन पडलं.

स्नेहलताने त्या डबीकडे पाहिलं. पांढरा चुना, नखावर मुगाएवढा. त्या पेशींखालचा पांढुरका पट्टा तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि तिला पुण्याची ती गर्दीची ओपीडी आठवली, जिथे आठवड्यातून एक तरी चामखीळ भाजून घेतलेला माणूस यायचा. कशी विसरले मी हे? चौदा वर्षांत एवढी विसरले?

"पूर्णिमा," ती म्हणाली, "चुना लावला होता का तिळाला?"

"नाही." उत्तर फार लवकर आलं, आणि ते देताना पूर्णिमा आईकडे बघत होती.

विमलबाईंनी डबी मिटली. तंबाखू कुठे टाकावा ते कळेना, म्हणून मूठ तशीच आवळून धरली.

"म्या लावला," त्या म्हणाल्या. "चुना आन् पापडखार. मंगळसूत्राची साखळी लागून रगात येत हुतं तिथनं. हितल्या डाक्टरची तारीख तीन म्हैन्यानं. म्हटलं, कशाला थांबायचं, माज्या नणंदेची चामखीळ मीच काढली हुती की. दोन डाव लावला. खपली पडली, आन् मग काळं फुटलं." त्यांनी मुलीकडे बघितलं. "पोरगी म्हंली, कुणाला सांगू नगंस. डाक्टरीणबाई, खरं सांगा. माज्या हातनं झालं का ह्ये?"

"बघितलंत?" पूर्णिमा म्हणाली, आणि आता तिला रडू आवरेना. "म्हणून नव्हतं सांगितलं. कॅन्सरचा संशय आहे म्हटल्यावर कसं सांगणार होते मी? उरलेला जन्म ही स्वतःला खात बसली असती. आता मला मूल नाही झालं तरी हिला वाटणार, हिच्यामुळे."

"आणि तुझं काय?"

"माझं काय, जे व्हायचं ते होईल."

स्नेहलताला एकदम रागच आला. एवढी पाच वर्षं सुया टोचून घेतलेली बाई, आणि आईला बोल लागू नये म्हणून स्वतःवर कर्करोगाचा शिक्का मारून घ्यायला निघालेली. आपल्या माणसांच्या या मायेला काय म्हणावं ते तिला कळेना. मग राग ओसरला, आणि उठून तिने म्हातारीची आवळलेली मूठ आपल्या हातात घेतली.

"मावशी, चुन्याने कॅन्सर होत नाही. तुमच्या हातून काही वाईट झालेलं नाही. तीळ वरून भाजला गेला, मुळं राहिली, ती आता वेडीवाकडी उगवलीत. आणि अशी उगवली की ती कॅन्सरसारखीच दिसतात, म्हणून तर मी अडून बसले होते. तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत. पण हे साधंच आहे, असं मी अजून म्हटलेलं नाही हं. मला नीट बघू दे."

"मला कुणी सांगेल का काय चाललंय?" ओर्लाने विचारलं.

स्नेहलताने सांगितलं. ओर्लाने चुना म्हणजे काय ते समजून घ्यायला दोन मिनिटं घेतली. "भिंतीला देतात तो?"

"तोच."

"जीझस," ओर्ला म्हणाली, आणि विमलबाईंकडे जरा आदराने बघितलं.

त्या दिवशी स्नेहलता खाली येऊन पुन्हा त्याच काचेपुढे बसली. रविंद्र कोरेगाव तालुक्यातल्या खेड्यात वाढलेला. तो असता तर काच बघताबघताच म्हणाला असता, "कुणीतरी चुना लावलाय गं." चिठ्ठीवर दोन शब्द लिहिले असते आणि तिला वेडावलं असतं. मेल्या माणसाची इतकी गरज लागावी, हे काही बरं नव्हे.

तिने उरलेल्या तुकड्याच्या आणखी काचा करून घेतल्या. व्रणाच्या खाली, खोल, जुन्या तिळाच्या पेशींचे दोन पुंजके सापडले, लहानपणापासून तिथेच असलेले, निरुपद्रवी. जीव भांड्यात पडावा असंच ते होतं. पण डाव्या कडेला एक गोष्ट खटकत होती. असा पुन्हा उगवलेला तीळ व्रणाची हद्द सोडत नाही. कर्करोग हद्द मानत नाही. आणि डाव्या कडेला काळा रंग व्रण संपल्यावरही पुढे गेलेला दिसत होता. तिने सगळा संच डब्लिनच्या एका नामांकित तज्ज्ञाकडे पाठवला. चुन्याचं लिहिलं, मुलाचं लिहिलं नाही.

सहा सप्टेंबरला त्याचं उत्तर आलं. सभ्य, मोजकं आणि कुठल्याच कुशीवर न वळणारं. ही हकीकत खरी धरली तर पुन्हा उगवलेला साधा तीळ असण्याकडे माझा कल आहे; मात्र डाव्या कडेला रंग व्रणाबाहेर जातो, त्यामुळे मेलानोमा नाहीच असं म्हणता येणार नाही; अंतिम निर्णय आपला.

ओर्लाचा फोन लगेच. "काय म्हणतो युअर मॅन, तुझा तो तज्ज्ञ?"

"निर्णय माझा म्हणतो."

"मग?"

"शुक्रवारी सांगते."

शुक्रवारी दुपारी तिने खोलीचं दार लावून घेतलं. कॅलेंडरचं ऑगस्टचं पान फाडलं, दोन तुकडे केले. आपल्या खुर्चीत बसून सगळ्या काचा पुन्हा पाहिल्या आणि लिहिलं, साधा तीळ. घडी घातली. आणि त्या घडीकडे बघत राहिली. तिचा त्या चिठ्ठीवर काडीचा विश्वास नव्हता. लिहिताना तिच्या मनात पेशी नव्हत्याच. पर्सच्या चेनशी खेळणारी बोटं होती, बेचाळीस वय होतं, स्वतःचंही. हात पुन्हा पुन्हा मऊ जागी जात होता, आणि डाव्या कडेवरून नजर भुर्रकन निघत होती. या खुर्चीत बसून आपल्याला खरं दिसणार नाही, हे तिला कळून चुकलं.

ती उठली, टेबलाला वळसा घातला आणि समोरच्या खुर्चीत बसली. अडीच वर्षांत पहिल्यांदा.

शास्त्राने बघितलं तर याला काही अर्थ नव्हता. चित्र तेच, दिवा तोच. पण त्या बाजूने काच सरकवायची चाकं लांब पडतात, हात अवघडतो, मनाला येईल तिकडे उड्या मारता येत नाहीत. रविंद्र तिथे बसून काच नांगरायचा. या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, संपला की दुसरा, एक बोटभर जागा न सोडता. तिला ते कंटाळवाणं वाटायचं. "तुला आंबा आधी कोयीपाशी चोखायचा असतो," तो म्हणायचा.

तिने डोळे लावले. दोन वर्तुळं, धूसर.

अर्थात. दुसरं काय दिसणार होतं? रोज संध्याकाळी हेच तर दिसायचं. पण आज तिला या धुसरात पूर्णिमाची कातडी बघायची होती. त्यासाठी अंतर कमी करायला हवं होतं आणि कडी फिरवायला हवी होती, आणि एकदा फिरवली की रविंद्रची नजर या जगातून गेली. कपडे तिने दिले होते. चष्मा त्याच्या बहिणीने मागून नेला. राख तळ्यात गेली. एवढंच राहिलं होतं, सदुसष्ट आणि अधिक दोन. तिने नेत्रिकांवर हात ठेवला आणि काढून घेतला. पुन्हा ठेवला. धातू गार होता. "मला नाही जमणार रे," ती मोठ्याने म्हणाली, आणि तिला हमसून रडू आलं, अंत्यविधीलाही आलं नव्हतं तसं.

रडून झाल्यावर तिने दुसरी चिठ्ठी घेतली. तिच्या मागच्या बाजूला, ऑगस्टच्या तारखांवर, लिहिलं: ६७, +२. मग नाक पुसलं आणि कडी फिरवली. अडीच वर्षं न हललेली कडी आधी अडली, मग सुटली.

चित्र लख्ख झालं.

ती डाव्या कडेपासून निघाली. अवघडलेल्या हाताने, तासामागून तास. व्रण संपला, रंग पुढे चालू होता. ती थांबली नाही, रंगाच्या मागे मागे गेली. तज्ज्ञ इथपर्यंत येऊन थांबला होता, तीही आजवर इथेच थांबत आली होती. रंग पुढेही होता. आणखी पुढेही, एकसारखा, सगळ्यात खालच्या ओळीत, काचेवरचा तुकडा संपेपर्यंत. तिने काच सरकवत उजव्या टोकाला नेली. तिथेही तोच. रंगपेशी तेवढ्या उठून दिसतील असा खास रंग दिलेली काच लावली आणि मोजल्या. दोन्ही टोकांना पेशी विरळ, ठरावीक अंतरावर, निरोगी कातडीत असतात तितक्याच. तिळाची वाढ व्रणाशीच संपली होती. पुढचा तो रोग नव्हताच. ती पूर्णिमाच्या कातडीची सावळी छटा होती, जन्मापासूनची.

स्नेहलता मागे टेकली. चौदा वर्षं पांढऱ्याफटक, ठिपकेदार कातड्या बघून बघून तिच्याही डोळ्यांना रंग म्हणजे आजार वाटायला लागला होता. स्वतःच्या हाताकडे तिने बघितलं. हीच छटा.

शंभर टक्के खात्री तिला तेव्हाही नव्हती. या कामात ती नसतेच. पण आता ती नुसती इच्छा नव्हती, निदान होतं. दुसऱ्या चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूला तिने लिहिलं, साधा तीळ, आणि दोन्ही चिठ्ठ्या शेजारी उघडून ठेवल्या. जुळल्या होत्या. चहा करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. तिने अहवाल लिहिला: चुन्याने भाजल्यानंतर पुन्हा उगवलेला साधा तीळ, मेलानोमाचा पुरावा नाही, भोवतालची थोडी कातडी जागेवर भूल देऊन काढावी, दर सहा महिन्यांनी तपासावं, गर्भधारणा लांबवण्याचं कारण दिसत नाही. खाली सही केली. त्या शेवटच्या वाक्याचं ओझं आता तिचं एकटीचं होतं.

या धंद्यात बरोबर ठरलात तर कुणी कळवत नाही. चुकलात तरच फोन येतो. ऑक्टोबरात ओर्लाचा फोन आला, पण बातमी वेगळी होती. पहिलं भ्रूण रुजलं नव्हतं. "तुझा काही संबंध नाही," ओर्ला म्हणाली. संबंध नव्हता, तरी त्या दिवशी स्नेहलताने जेवण टाकलं. आता एकच उरलं होतं. नाताळ आला, गेला. फेब्रुवारीत पूर्णिमाचा वाढदिवस कधीतरी झाला असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं.

मार्चमध्ये सहामाही तपासणीचा कागद खाली आला. व्रण स्वच्छ, नवीन काही नाही. खाली ओर्लाने हाताने एक ओळ लिहिली होती: नऊ आठवडे, ठोके ऐकू येतात. आजीला बार्शीत कळवलंय, ती चुन्याची डबी घेऊनच येते म्हणते, तेवढं आवर.

स्नेहलता हसली आणि हसतच तिने मान वर केली, समोरच्या खुर्चीकडे. सांगायला. खुर्ची रिकामी. तिने ओठ मिटले, उघडले, आणि सांगितलंच. "रवी, रुजलं रे." खोलीत कुणी ऐकणारं नव्हतं. त्याने ऐकावं, एवढ्याचसाठी तिचा जीव तुटत होता.

एप्रिलमध्ये टोनी आला. यंत्र उघडून बघता बघता थबकला.

"ही बाजू कुणीतरी हलवलीये," तो जपून म्हणाला. "मी नाही हं."

"मी हलवली."

"पूर्वीसारखी करून देऊ? आकडे असतील तर होईल."

आकडे होते. खणात, कॅलेंडरच्या तुकड्यावर, एका बाजूला नवऱ्याची नजर आणि दुसऱ्या बाजूला पूर्णिमाचं निदान. स्नेहलताने खणाच्या मुठीला हात लावला आणि क्षणभर तसाच ठेवला.

"नको," ती म्हणाली. "राहू दे. या वर्षी दोन्ही बाजू पूस."